मानेतल्या धमनीत स्टेंट टाकण्याआधी प्लाकचा एमआरआय करून घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

बाबांचं वय ७५. गेल्या आठवड्यात पेपर वाचता वाचता उजवा हात लुळा पडला, शब्द जुळेनात. थोड्या वेळात सगळं पूर्ववत. टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून येणारा तात्पुरता झटका. सीटी अँजिओत डाव्या कॅरोटिडमध्ये (मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी) प्लाकचा, म्हणजे आतल्या भिंतीवर साचलेल्या थराचा, ८० टक्के अडथळा निघाला. हृदय कमजोर आहे म्हणून डॉक्टर ऑपरेशनऐवजी (धमनी उघडून प्लाक काढणं) स्टेंट म्हणतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन चालू आहे.

घोडं अडलंय ते डॉप्लर (मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी) रिपोर्टमधल्या दोन शब्दांपाशी : 'इकोल्युसंट प्लाक'. सोनोग्राफीत काळपट दिसणारा, आत चरबी किंवा रक्त साचलेला, थोडक्यात ठिसूळ माल. स्टेंट फुलवताना त्याचे कण सुटून मेंदूत जायची भीती जास्त. २००४च्या इकारॉस अभ्यासात प्लाकचा जीएसएम (करडेपणाचा आकडा, जितका कमी तितका प्लाक काळपट) २५ किंवा त्याखाली असलेल्यांत स्टेंटिंगनंतर स्ट्रोक ७.१ टक्के, बाकीच्यांत १.५ टक्के होता. आमच्या रिपोर्टात हा आकडाच नाही! अडथळ्याची टक्केवारी मात्र ठळक अक्षरात.

रेडिऑलॉजिस्ट म्हणाले, वेसल वॉल एमआरआय (धमनीची भिंत आणि प्लाक दाखवणारा) करा. प्लाकच्या आत रक्तस्राव असेल तर टी-१ चित्रात (एमआरआयचाच एक प्रकार) पांढरा चमकतो. स्टेंट टाकणारे डॉक्टर म्हणतात, "लक्षणं आहेत, अडथळा आहे, मग एमआरआयने काय बदलणार? फिल्टर लावतोच आहोत." पण फिल्टर (सुटलेले कण अडवणारी छोटी जाळी) अडथळ्याच्या पुढे न्यायचा तर तो त्याच प्लाकमधून न्यावा लागतो ना? शिवाय स्टेंट आणि ऑपरेशनची तुलना करणाऱ्या २०१०च्या क्रेस्ट अभ्यासात साधारण सत्तरीपुढे ऑपरेशनचं पारडं जड होतं, हेही डोक्यातून जात नाही.

दुसरीकडे, टीआयएनंतरचे पहिले दोन आठवडेच सगळ्यात धोक्याचे. तपासणीच्या नादात तेच हातचे जायला नकोत.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आलाय किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी सांगा : एमआरआय पाहून बेत खरंच बदलला का? म्हणजे फिल्टरऐवजी खालूनच फुग्याने रक्तप्रवाह थांबवून काम केलं, दुहेरी जाळीचा स्टेंट (बारीक जाळीने प्लाकचे कण अडवणारा) घेतला, की भुलेचा धोका पत्करून ऑपरेशनच केलं? आणि जीएसएम आधीच्याच डॉप्लरच्या साठवलेल्या चित्रांवरून काढून मिळतो का, की पुन्हा सोनोग्राफी करावी लागते?

"देवावर भरवसा ठेवा" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरातच भरपूर मिळतायत. पेसमेकर नाही, त्यामुळे एमआरआयला तशी अडचण नाही. स्टेंटची तारीख सोमवारची आहे, जमल्यास त्याआधी लिहा.