संरक्षण खरेदीतील गोपनीयतेची मर्यादा कुठे असावी?

मूळ मांडणी:
क्षेपणास्त्राचा पल्ला, रडारची क्षमता, दारूगोळ्याचे साठे ही माहिती गुप्त राहिलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु त्याच गोपनीयतेच्या आडोशाला किंमत, निविदेचे निकष, मध्यस्थांचा सहभाग आणि पुरवठ्यातील विलंबही जाऊन बसतात. त्यांचा शत्रूला फारसा उपयोग नसतो. त्या लपल्याने चुकीचा निर्णय घेणारा तेवढा सुटतो. युक्रेनमध्ये ऐन युद्धात, जानेवारी २०२३ मध्ये, सैन्यासाठीची अंडी बाजारभावाच्या दुपटीहून अधिक दराने घेण्याचा करार उघडकीस आला. त्यानंतर त्या देशाने गुप्त नसलेल्या लष्करी खरेदीचे दर जाहीर करणे कायद्याने बंधनकारक केले, शस्त्रखरेदी मात्र त्यातून वगळली. युद्धात असलेल्या देशाला ही सीमारेषा आखता येते, तर शांततेत असलेल्यांना का येऊ नये?

प्रतिसाद १ (विरोधी):
अन्नधान्याचा न्याय शस्त्रांना लावता येत नाही. लढाऊ विमानाच्या किमतीचा तपशील दिला, की त्यावर कोणत्या यंत्रणा बसवल्या आहेत याचा अंदाज जाणकार बांधू शकतात. दुसरी हानी अधिक गंभीर आहे. बोफोर्स तोफांचा करार १९८६ चा. १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेचा आरोप केला आणि त्यानंतर भारतीय तोफखान्यात परदेशी बनावटीची पुढची १५५ मिमी तोफ दाखल व्हायला २०१८ उजाडले. आपल्या सहीवर उद्या चौकशी बसेल, या धास्तीने अधिकारी फाईल पुढे सरकवत नाहीत आणि त्याची किंमत सीमेवरचा जवान मोजतो.

मूळ लेखकाचे उत्तर:
जवानाबद्दलची आपली काळजी माझीही आहे. परंतु त्या विलंबाचे खापर पारदर्शकतेवर फोडणे मला पटत नाही, कारण तो आरोप परदेशी रेडिओवरून कळला. महालेखापरीक्षकांचा अहवाल आला तो १९८९ मध्ये. वेळेवर झालेली तपासणी अधिकाऱ्याला संरक्षणच देते. जर्मनीत अडीच कोटी युरोंहून मोठा प्रत्येक लष्करी खरेदी करार सहीपूर्वी संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे जातो, त्यामुळे पुढे प्रश्न उठला तरी सही करणारा एकटा पडत नाही.

प्रतिसाद २ (दोघांशीही असहमत):
तपासणी झाली म्हणजे उत्तरदायित्व आले, हे गृहीतकच मला तपासून पाहावेसे वाटते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे संपूर्ण लेखापरीक्षण २०१८ मध्ये सुरू झाले. २०२४ पर्यंत सलग सात वेळा परीक्षकांना त्या हिशेबावर निर्दोष असल्याचे मत देता आले नाही, आणि हे सारे जाहीर असूनही तरतूद वाढतच गेली. खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास प्रकल्प थांबवावा किंवा त्याची अपरिहार्यता प्रमाणित करावी, असा कायदाही तिथे आहे. तरी सेंटिनल क्षेपणास्त्राचा अंदाजित खर्च ८१ टक्क्यांनी वाढल्यावर २०२४ मध्ये तो प्रकल्प अपरिहार्य ठरवून पुढे चालू ठेवण्यात आला. म्हणून माहिती किती उघड करावी यापेक्षा, आक्षेपांचे निराकरण होईपर्यंत पुढचा हप्ता रोखण्याचा अधिकार संसदेकडे असावा की नाही, यावर आपण दोघांनी मत द्यावे.