बाहेरच्या कर्जातला प्रकल्प, नेमणूक एजन्सीची, पगार थकलेला. जाब कोणाला विचारायचा?

दारव्ह्याची_लेक

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली, एका कृषी प्रकल्पात गावपातळीवर काम करते. कोणता ते लिहीत नाही कारण नोकरी अजून त्यातच आहे. पैसा बाहेरच्या बँकेच्या कर्जातला, पण नेमणूक खात्यानं केली नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत झाली. शेतकऱ्यांचे ऑनलाईन अर्ज भरायचे, शेततळं-ठिबकचे फोटो लोकेशनसकट चढवायचे, शेतीशाळेला बाया जमवायच्या, गावाच्या पाण्याचा ताळेबंद करायचा, आणि पेट्रोल आपल्याच खिशातून. दिवाळीपासून पगार नाही. एजन्सीला फोन केला की वरून बिल निघालं नाही म्हणतात, ऑफिसात गेलं की तुम्ही आमच्या कर्मचारी नाही म्हणतात. पीएफ कापतो असं कागदावर आहे पण मोबाईलवर मेसेज एकदाही आला नाही. घरी पोरांची फी आहे, तूर काढायची मजुरी आहे. एवढा पैसा बाहेरून येतो, त्याचा हिशेब कोणीतरी घेतच असेल ना? मग आमच्या पगाराचा हिशेब कोण घेते?

वऱ्हाडी_माणूस

ताई, म्या बी अशाच कामात दोन हंगाम काढले हाये, म्हनून सांगून रायलो. त्याईले तुमी काम करता तवा तुमी त्याईचे, अन् पगार मांगितला का एजन्सीचे. व्हिडिओ कॉन्फरन्स असली का आमालेच बसवत, दौरा असला का आमीच गाव दाखवाचं. 2023 च्या सप्टेंबरात सरकारनं कंत्राटी भरतीसाठी 9 एजन्स्याइचा जीआर काढला होता, पोट्टे रस्त्यावर आले तं ऑक्टोबरात रद्द करा लागला. पन एजन्सीची पद्धत काई गेली नाई. एकट्यानं अर्ज करू नोका, चार-सहा जनं मिळून करा, एकट्याले लवकर काढतेत.

आर्टीआय_वाशीम

ताई, पहिली गोष्ट म्हणजे हा पैसा कोणी दान दिलेला नाही. विदर्भात असे बरेच प्रकल्प येऊन गेले. आत्महत्याग्रस्त 6 जिल्ह्यांसाठी आयफाडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शेती निधीच्या कर्जातून केम नावाचा प्रकल्प आला, 2018 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून हवामान बदलात तग धरणाऱ्या शेतीसाठी पोकरा, मग शेतमालाच्या बाजारासाठी स्मार्ट, फळं-भाजीपाल्यासाठी आशियाई विकास बँकेचा मॅग्नेट. तुमचा यातला आहे का आणखी कोणता, इथं लिहूच नका. पण कोणताही असला तरी कर्ज व्याजासकट सरकारी तिजोरीतूनच फेडायचं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. म्हणून 'बाहेरच्या बँकेचे नियम आहेत' असं सांगून कोणी वाटेला लावत असेल तर ऐकून घेऊ नका. महालेखापालांचं ऑडिट या पैशालाही लागू आहे, माहितीचा अधिकारही लागू आहे.

आता अर्जात काय मागायचं ते महत्त्वाचं, कारण लोकं 'पगार का दिला नाही' असा प्रश्न विचारतात आणि तिथंच फसतात. का-कशाला विचारायचं नाही, कागद मागायचा. खातं आणि एजन्सीतल्या कराराची प्रत. तुमच्या पदासाठी महिन्याला किती दर ठरला आणि त्यात एजन्सीचं सेवाशुल्क किती. कोणत्या महिन्याचं बिल कोणत्या तारखेला आलं, किती मंजूर झालं, कधी दिलं. बिलासोबत जोडलेलं पीएफचं चलन. बाकीच्यांची नावं, खाते नंबर मागू नका, त्यावर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो, माणसांची संख्या आणि एकूण रक्कम पुरते. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो म्हणून दोन वेगळे अर्ज करा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोगाचं अमरावती खंडपीठ. तिथं वेळ लागते, पण बऱ्याचदा पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच कागद हातात पडतो.

हे कागद आले की कळते की बिल खरंच निघालं नाही की निघून एजन्सीकडं पोचलं आणि तुमच्यापर्यंत आलं नाही. दोन्हीत दोषी वेगळा आहे. आणि खातं डोक्यामागं किती देते न् तुमच्या हातात किती येते हेही पहिल्यांदा दिसते, मला तर हे आकडे प्रत्येक गावात फलकावर लागायला पाहिजे असं वाटते.

आर्वीचा_वकील

वरचं बरोबर आहे, कायद्याची बाजू जोडतो. कंत्राटदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकानं म्हणजे ज्याचं काम केलं त्यानं द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा. हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 मध्ये होतं आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेतही आहे. त्यासाठी कंत्राटी माणसं 50 किंवा जास्त लागतात, जिल्ह्याजिल्ह्यातली मोजली तर तेवढी सहज भरतील. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, पीएफ 15 तारखेच्या आत. त्यामुळं 'तुम्ही आमच्या कर्मचारी नाही' हे बोलून ऑफिस मोकळं होत नाही. आधी सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून पाहा. पगारातून 12 टक्के कापून भरलेच नसतील तर ते नुसत्या उशिराचं प्रकरण नाही, त्याची पीएफ कार्यालयात स्वतंत्र तक्रार करा.

समान कामाला समान वेतन यावर सुप्रीम कोर्टाचा जगजित सिंग प्रकरणातला 2016 चा निकाल आहे, तो तात्पुरत्या कर्मचाऱ्यांबद्दलच आहे. पण ती लांबची लढाई, आधी थकलेला पगार काढा.

नागपूरकर_७१

प्रकल्प जागतिक बँकेचा असेल तर अजून एक दार आहे. ऑक्टोबर 2018 पासून जे नवे प्रकल्प हाती घेतले त्यांना बँकेची पर्यावरण-सामाजिक चौकट, म्हणजे नियमावली लागू आहे, त्यातलं दुसरं मानक कामगारांचं. त्यात कंत्राटदाराकडून घेतलेली माणसंही येतात आणि त्यांच्यासाठी तक्रारीची सोय प्रकल्पात असावीच लागते. ती सोय कुठं आहे हे ऑफिसला लेखी विचारा. बँकेच्या तक्रार निवारण सेवेकडं मराठीत लिहिलं तरी चालते, नाव गुप्त ठेवता येते. इन्स्पेक्शन पॅनेलही आहे, 1993 पासून, पण ते बँकेनं स्वतःचे नियम पाळले का एवढंच पाहते, पगार मिळवून देत नाही. तेव्हा त्याच्यावर आशा लावून बसू नका.

दारव्ह्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. पासबुक आत्ताच पाहिलं, जुलैनंतर एक रुपया भरलेला नाही. आमच्यातल्या बाकीच्यांना फोन केले, तीन जणी सही करायला तयार आहेत, बाकीचे घाबरतात, त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. कराराचा आणि बिलांचा असे दोन अर्ज करते. एक विचारायचं राहिलं, आमच्यातली एक आता लग्न होऊन वर्धा जिल्ह्यात गेली, तिचेही पैसे थकले आहेत. तिनं कामगार ऑफिसात अर्ज कुठं द्यायचा?

आर्वीचा_वकील

काम जिथं केलं तिथं, म्हणजे यवतमाळलाच. हजेरीचे फोटो, व्हॉट्सॲपवरचे कामाचे आदेश, दौऱ्याच्या तारखा हे सगळं आत्ताच काढून ठेवायला सांगा, ग्रुपमधून काढलं की नंतर सापडत नाही.