अमेरिकेत ॲनालिटिकल केमिस्ट्रीत पीएचडी: आठ अर्ज कुठे करावेत?

काचनळी
एमएस्सी ॲनालिटिकल, दुसरं वर्ष, पुणे. पुढच्या फॉलसाठी (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारं सत्र) अर्ज करायचेत. रस मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखणं) आणि सेपरेशनमध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करणं). फीचं बजेट आठ अर्जांपुरतं. रँकिंग बघून यादी केली तर हार्वर्ड, एमआयटी, बर्कली, कॅलटेक अशीच होतेय. चालेल का? आणि सेफ्टी म्हणून दोन ठिकाणी एमएसला (मास्टर्स) टाकू का?

बाष्प
ते रँकिंग अख्ख्या डिपार्टमेंटचं असतं, तुमच्या शाखेचं नाही. हार्वर्ड, कॅलटेकला ॲनालिटिकल अशी वेगळी शाखाच पूर्वापार नाही. उलट पर्ड्यू, इंडियाना (ब्लूमिंग्टन), विस्कॉन्सिन-मॅडिसन, चॅपल हिल (नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ), इलिनॉय (अर्बाना-शँपेन), मिशिगन इथे ती जुनी आणि भक्कम आहे. यादी इथून सुरू करा.

पण नुसत्या नावावरही जाऊ नका. सेपरेशनमध्ये चॅपल हिलचा दबदबा जेम्स जॉर्गन्सन यांच्यामुळे झाला. १९८१ चं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं (केसासारख्या नळीत विजेने घटक वेगळे करणं) काम त्यांचंच. ते आता निवृत्त आहेत. म्हणून प्राध्यापक मोजा. ज्यांच्याकडे काम करायला आवडेल आणि जे विद्यार्थी घेतायत असे तिघं सापडले तर ती जागा ठेवा, एकच असेल तर काट मारा. तिकडे सहसा प्रवेश डिपार्टमेंट देतं आणि गाइड पहिल्या सेमिस्टरमध्ये ठरतो. त्या एकाची ग्रँट संपली किंवा त्याने दुसऱ्याला घेतलं, की तुम्ही लटकलात.

एमएस टाकू नका. पीएचडीला ट्यूशन माफ आणि टीए-आरएचं (शिकवण्यात किंवा संशोधनात साहाय्य करण्याचं) स्टायपेंड मिळतं, एमएस बहुतेक ठिकाणी स्वखर्चाने. ती कसली सेफ्टी?

काचनळी
विद्यार्थी घेतायत की नाही हे कळणार कसं? ग्रुपच्या वेबसाइटवर सगळेच हसरे.

बाष्प
फोटो सोडा, माजी विद्यार्थ्यांची यादी वाचा. कोण कधी आलं, कधी गेलं, कुठे लागलं. ५-६ वर्षं नेहमीची. सातच्या पुढे दोन-तीन जण दिसले तर जपून. आलेल्यांपैकी कुणाचं नाव मधूनच गायब होतंय का, तेही बघा. मग गेल्या तीन वर्षांचे पेपर काढा. पहिलं नाव दरवेळी पोस्टडॉकचंच (पीएचडी झालेला संशोधक) असेल तर विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येतं ते समजलं.

त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेल. दीडशे शब्द पुरेत: त्यांच्या एका पेपरवर नेमका प्रश्न, तुम्ही स्वतः हाताळलेली उपकरणं (एलसी-एमएस, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं मास स्पेक्ट्रोमीटर, "माहीत आहे" नको, कोणता कॉलम, कोणतं सॅम्पल ते लिहा), आणि पुढच्या फॉलला विद्यार्थी घेणार का हा थेट सवाल. "रिस्पेक्टेड सर"ने सुरू होणारा तोच मेल चाळीस जणांना गेला की लगेच ओळखू येतो. उत्तर नाही आलं म्हणजे नकार असं मात्र समजू नका.

इस्टर_७१
वरच्याशी सहमत. आता कंटाळवाणा भाग. बहुतेक डेडलाइन १ ते १५ डिसेंबर. केमिस्ट्रीची जीआरई (अमेरिकी प्रवेशपरीक्षा) सब्जेक्ट टेस्ट २०२३ मध्येच बंद झाली, तिचे क्लास कुणी विकत असेल तर पळा. जनरल जीआरई प्रत्येक ठिकाणी तपासा, बऱ्याच जणांनी काढून टाकलीय. टोफेलमध्ये (इंग्रजीची परीक्षा) एकूण गुणांबरोबर स्पीकिंगचे गुण वेगळे बघा. टीए म्हणून शिकवायचं असल्याने त्याची अट अनेकदा निराळी असते.

घोळ होतो तो शिफारसपत्रांत. आठ अर्ज, तीन सर, म्हणजे चोवीस लिंक, आणि त्यातल्या काही स्पॅममध्ये जातात. सरांचा कॉलेजचा मेल आयडी द्या; जीमेलवर काही पोर्टल शंका घेतात. ऑक्टोबरमध्येच डेडलाइनचा एक तक्ता आणि सीव्ही त्यांच्या हातात द्या.

नेटचा (भारतातली संशोधन-फेलोशिपची परीक्षा) फॉर्मही भरून ठेवा. जेआरएफ (ती फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० अधिक एचआरए (घरभाडं भत्ता), आणि एनसीएल, आयसर या संशोधन संस्था पुण्यातच आहेत. अमेरिकेची उत्तरं मार्चपर्यंत येत राहतात. ऑफर आली तर होकार-नकार सहसा १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. त्याआधी कुणी घाई केली तर लेखी मुदत मागा.