सीईटीत पण प्रश्न रिकामे सोडतोय, कसं समजावू? (जेईई आणि सीईटी दोन्ही देतोय)

नमस्कार मंडळी, आम्ही कळव्याला राहतो, मुलगा बारावी सायन्सला, क्लास नौपाड्यात. क्लासमध्ये अकरावीपासून एकच डोक्यात भरलंय की शंभर टक्के खात्री असेल तरच उत्तर द्यायचं, कारण जेईई मेनला बरोबरचे ४ आणि चुकलं की १ वजा. ते ठीक आहे हो, पण आता सीईटीच्या मॉकमध्ये पण तो तसेच प्रश्न सोडून येतो, आणि तिथे तर निगेटिव्ह मार्किंगच नाहीये! मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न २ मार्कांचा, ५० पैकी १० सोडले म्हणजे २० मार्क गेले, नुसते डोळे मिटून भरले असते तरी सरासरी ५ मार्क पदरात पडले असते. सांगायला गेलं की म्हणतो "आई, जे येत नाही त्याचे मार्क घेतले की मला गिल्टी वाटतं". मनापासून अभ्यास करणारा मुलगा आहे, त्याला ओरडवत पण नाही.

आणि जेईईचं पण मी मांडून बघितलं. काहीच येत नसताना चार प्रश्न अंदाजपंचे भरले, एक बरोबर आला तर ४, तीन चुकले तर ३ वजा, म्हणजे १ मार्क वरच. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं तर उरलेल्या दोनात मारून प्रश्नामागे सरासरी दीड मार्क. मग सर सरसकट सोडा का सांगतात? माझं काही चुकतंय का? ज्यांच्या मुलांनी दोन्ही परीक्षा दिल्यात त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद (ऐरोली):
ताई, हिशोब बरोबर आहे पण तो सरासरीचा, चार-पाच तुक्के सगळेच्या सगळे चुकू शकतात. आणि खरी मेख म्हणजे पर्याय मुद्दाम मुलांच्या नेहमीच्या चुकांवरून काढतात, साइन चुकली की जे उत्तर येतं ते तिथे हजरच असतं, त्यामुळे "हेच वाटतंय" म्हणून मारलेला कधीकधी डोळे मिटून मारलेल्यापेक्षा वाईट. दोन पर्याय कारणासकट खोडता आले तरच जेईईला मारू दे. न्यूमरिकलला पर्याय नसतात आणि १ तिथेही वजा होतो, तो सरळ सोडायचा. सीईटीला मात्र एकही रिकामा नको. फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो, मागे जाता येत नाही, म्हणून दोन्ही भागांत शेवटची थोडी मिनिटं यासाठीच राखायची. आमच्या मुलीला बोलून पटलं नाही, जुन्या मॉकमधले सोडलेले प्रश्न घरी तिलाच भरायला लावले आणि आन्सर कीशी ताडून दाखवले तेव्हा पटलं.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार, हे रविवारीच करून घेते. शेवटची पाच मिनिटं पुरतात का पण?