इंग्लंडच्या पाणंदींवरून : ग्रॅव्हल सायकलिंगचे तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

परवा रविवारी रिजवे या टेकड्यांवरच्या जुन्या वाटेवरून घरी आले आणि सायकलीवर वाळलेला पांढरा थर ओल्या फडक्याने पुसत बसले. शाळेतल्या खडूसारखा तो हातालाही लागतो, कपड्यांनाही. बर्कशायर आणि ऑक्सफर्डशायरच्या या टेकड्याच खडूच्या आहेत. पुसता पुसता वाटलं, हे आपल्या भाषेत कुणाशी तरी बोलायला हवं. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रॅव्हल बाईकचं हँडल रोड बाईकसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद, माझे ४० मिमीचे आहेत. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपलं तरी थांबत नाही. इंग्लंडमध्ये डांबर संपतं तिथेच खरी मजा सुरू होते.

मी रेडिंगला राहते. ट्रेनने गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनवर उतरायचं, थेम्स ओलांडायची, स्ट्रीटलीचा चढ चढायचा, की रिजवे हाताशी येतो. ओव्हरटन हिल ते आयव्हिंगहो बीकन अशी ही १३९ किलोमीटरची वाट ब्रिटनमधली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. थेम्सच्या पश्चिमेचा जवळजवळ सगळा भाग सायकलला खुला आहे. पूर्वेकडे बरेच तुकडे फक्त पायी चालणाऱ्यांचे आहेत, तेव्हा नकाशा पाहून जा.

वर पोहोचलं की दोन्हीकडे शेतं, मधे पांढरी चाकोरी आणि डोक्यावर चंडोल. दिसत नाही, नुसता ऐकू येतो. एकदा मी अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्यापर्यंत गेले. टेकडीच्या उतारावर खडू भरून काढलेली ही सुमारे ११० मीटर लांबीची आकृती आहे, वय अंदाजे ३००० वर्षं. जवळ उभं राहिलं तर घोडा दिसतच नाही, नुसते पांढरे पट्टे दिसतात. लोक दरवर्षी येऊन गवत काढतात, नवा खडू ठोकून बसवतात, म्हणून तो टिकला. नाहीतर काही वर्षांतच गवताखाली गेला असता. १०० पिढ्यांहून जास्त माणसांनी हे काम केलं या विचाराने मी बराच वेळ तिथे बसून राहिले.

पुढे वेलँड्स स्मिदी हे अश्मयुगीन दफनस्थान लागतं. तिथे रात्री घोडा बांधून दगडावर नाणं ठेवलं तर सकाळपर्यंत नाल ठोकलेले मिळतात, अशी दंतकथा आहे. मी सायकल टेकवली आणि एक नाणं ठेवून आले.

आता तुम्ही लिहा. लांबचं असो की घरामागचं.

*

नॉर्विचहून

ताई, छान धागा. मी ४४ व्या वर्षी सायकल परत हातात घेतली, त्यामुळे चढ म्हटलं की पोटात गोळा यायचा. मॅरियट्स वेने तो घालवला. नॉर्विच ते एल्शम, सुमारे ४२ किलोमीटर, बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावरून. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून वाटही सौम्य. रीफमचं जुनं स्टेशन लागतं, फलाट अजून आहे. रूळ गेले, पण कधीकाळी इथून गाडी जायची हे झाडांच्या सरळ रांगांवरून कळत राहतं.

सप्टेंबरात जा. दोन्ही बाजूंना ब्लॅकबेरी लगडलेल्या असतात. मी डबा घेऊन जाते.

*

टेमहून

माझा अनुभव माझ्या वडिलांचा आहे. आप्पा सातारा जिल्ह्यातले, आयुष्य शेतीत गेलं. मागच्या जूनमध्ये आले तेव्हा ७१ वर्षांचे होते. त्यांच्यासाठी बॅटरीवाली सायकल भाड्याने घेतली. आधी फिनिक्स ट्रेलवर सराव झाला. तीही जुन्या रेल्वेची वाट आहे. मग एका ब्रायडलवेवर वळलो. घोडेस्वार, पायी चालणारे आणि सायकलवाले यांना खुली असते ती ब्रायडलवे, खुणेला निळा बाण.

फाटक उघडलं तर समोर उभा गहू आणि बरोब्बर मधून गेलेली वाट. आप्पा सायकलवरून उतरले.

"आरं, दुसऱ्याच्या पिकातनं कसं जायचं? मालक काय म्हणंल?"

मी सांगितलं, हा लोकांचा हक्काचा रस्ता आहे. शेत त्याचं, वाट सगळ्यांची. शेतकऱ्याने नांगरलं तर पेरणीनंतर वाट पुन्हा मोकळी करून द्यायची, शेताच्या मधून जाणारी ब्रायडलवे असेल तर किमान दोन मीटर रुंद, असा कायदा आहे. आप्पांनी पावलं टाकून रुंदी मोजली. मग दोन्हीकडच्या ओंब्या हाताने चाचपल्या. गव्हाचं एकही ताट वाटेवर आडवं आलेलं नव्हतं.

आमच्या गावातली पाणंद मी लहानपणी पाहिलीय तेव्हा दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. दरवर्षी दोन्हीकडून नांगराचा एकेक तास आत सरकला आणि आता मोटारसायकलही जपून न्यावी लागते. आप्पांनी त्यासाठी तहसील कचेरीत किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय. त्यामुळे त्या गव्हात ते काय पाहत होते ते मला कळत होतं.

पलीकडच्या बांधावर ट्रॅक्टर होता. चालवणाऱ्याने हात वर केला, आप्पांनीही केला. वर घारी फिरत होत्या, तांबूस, दुभंगलेल्या शेपटीच्या. इथल्या संपल्या होत्या, १९८९ पासून पुढच्या काही वर्षांत स्पेनहून पिल्लं आणून इथल्या चिल्टर्न्स टेकड्यांमध्ये सोडली, हे सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "घार बी आणली, वाट बी राखली." दिवसभर त्यानंतर फारसं बोलले नाहीत. घरी परतल्यावर नकाशा मागून घेतला आणि बोटाने सगळ्या हिरव्या तुटक रेघा, म्हणजे अशा हक्काच्या वाटा, शोधत बसले.

*

बकिंगहॅमहून

वरचं वाचून डोळे भरून आले. माझ्या गावची पाणंदही अशीच गेली.

मी एक काळजीचा मुद्दा लिहितो. गेल्या डिसेंबरात आयल्सबरीच्या मळ्यांतून ब्रायडलवे पकडली. दुपारी अडीचची वेळ, ऊन छान. पण खाली चिकणमाती. काळ्या रानात पावसाळ्यात चपलेला थर चढतो ना, तसा टायरवर चढला. पाचशे मीटरमध्ये चाक फिरेना. काडीने माती काढायची, वीस पावलं जायचं, पुन्हा काढायची. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. डांबर लागेपर्यंत चार वाजून गेले होते, म्हणजे इथे हिवाळ्यात अंधार. दिवा होता म्हणून निभावलं.

तेव्हापासून वाट निवडताना जमीन आधी पाहतो. खडूच्या टेकड्यांवर पाणी झिरपतं, त्यामुळे हिवाळ्यातही जाता येतं. मात्र ओला खडू साबणासारखा निसरडा असतो, उतारावर पुढचा ब्रेक जपून. चिकणमातीच्या वाटा मे ते सप्टेंबरसाठी ठेवाव्यात.

*

लॅम्बोर्नजवळून

या भागात शर्यतीचे घोडे तयार करतात, त्यामुळे घोडे रोज भेटतात. मागून गुपचूप येणाऱ्या सायकलीला घोडा घाबरतो. लांबूनच "हॅलो" म्हणा, माणसाचा आवाज कळला की तो शांत राहतो. मग स्वार सांगेल तेव्हा, लांबून, हळू जा. ब्रायडलवेवर १९६८ च्या कायद्याने आपल्याला परवानगी मिळाली तीच या अटीवर, की घोड्यांना आणि चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची.

*

नॉर्विचहून

रिजवेवर यायची फार इच्छा आहे. पण तिथे चकमकीचे दगड टायर कापतात असं ऐकलंय. खरं का?

*

रेडिंगहून

खरं आहे, धार ब्लेडसारखी असते. पावसानंतर जास्त जपायचं, ओलं रबर लवकर कापलं जातं. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरून घ्या, बारीक छिद्रं चालता चालता बुजतात. एक ट्यूब आणि टायरच्या आतून लावायला जाड पट्टी सोबत ठेवा. हवा बेताची, मी ३५ पीएसआय ठेवते.

मे अखेरीस या. हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं फुलांनी पांढरी झालेली असतात आणि रात्री नऊपर्यंत उजेड. चढाची चिंता करू नका, स्ट्रीटलीचा चढ मीही दोनदा उतरून चालत गेलेय. आणि टेमच्या दादांना विनंती, आप्पा पुढच्या उन्हाळ्यात येणार असतील तर कळवा. घोड्यापर्यंतची वाट रुंद आहे, दोघं शेजारी शेजारी बोलत जाता येईल.