पूर्णवेळ शिक्षण चालू असताना पिल्लू ठेवावे की दुसऱ्या घरी द्यावे?

रसायनी_पुणे
मी पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून कर्वेनगरमध्ये मैत्रिणीसोबत भाड्याच्या घरात राहते. इमारतीच्या पार्किंगमध्ये सापडलेले गावठी पिल्लू आम्ही वर आणले. ते आता साधारण तीन महिन्यांचे आहे, लसीचे पहिले दोन डोस झाले आहेत आणि घरमालकांची हरकत नाही. मात्र प्रात्यक्षिकांच्या दिवशी मी सकाळी ९ वाजता निघते ती संध्याकाळी ६ वाजता परतते, आणि मैत्रिणीचेही वेळापत्रक जवळपास तेच आहे. परत येऊन पाहावे तर दाराची चौकट कुरतडलेली, पायपुसण्याच्या चिंध्या झालेल्या आणि गॅलरीत शी-शू. दुपारी दोनच्या सुमारास ते विव्हळू लागते, असे शेजारच्या आजी सांगतात. घरच्यांचे म्हणणे, जुन्नर तालुक्यात काकांचा मळा आहे, तिथे नेऊन सोड, मोकळे हुंदडेल. काय करावे?

पशुवैद्य_सातारा
या वयाच्या पिल्लाला दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरून ठेवता येत नाही. वयाचे जितके महिने असतील त्यात एक मिळवावा, तितके तास, असा ढोबळ हिशेब आम्ही पाळणाऱ्यांना सांगतो. त्यामुळे नऊ तासांत घरात घाण होणे अटळ आहे आणि त्यासाठी त्याला रागावण्यात काहीच अर्थ नाही. कुरतडण्याचेही तसेच: चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे दात पूर्ण येतात, तोवर चौकट, चपला आणि लॅपटॉपच्या चार्जरची वायर यांत ते फरक करणार नाही. वायर तेवढी आजच उचलून ठेवा.

दिलासा एवढाच की पिल्लू दिवसाचे अठरा तास सहज झोपते, म्हणजे कोणी सतत जवळ बसण्याची गरज नाही. पण दुपारी दोनदा दार उघडून त्याला खाली नेणारे, खायला घालणारे आणि थोडे खेळवणारे माणूस हवे. माणसांची, आवाजांची, वाहनांची भीड चेपण्याचा मुख्य काळही साधारण चौदा आठवड्यांपर्यंतच असतो आणि तो तुमच्या हातून सरत आला आहे. असे माणूस येत्या तीन-चार महिन्यांसाठी मिळत असेल तर पिल्लू निश्चिंतपणे ठेवा. मिळत नसेल तर आताच घर शोधा, कारण गावठी कुत्रे मोठे झाले की त्याला विचारणारे फार थोडे उरतात.

ओतूरकर
मळ्याचा विचार सोडून द्या. आमच्याकडे उसात बिबट्या असतो आणि राखणीची कुत्री तो वस्तीवरूनच उचलतो. शिवाय मळ्यावरचे कुत्रे मोकळे असते हा शहरी समज आहे. बहुतेक ठिकाणी ते दिवसभर साखळीला असते.

कोथरूडची_काकू
पशुवैद्यांशी मी निम्मी सहमत आहे. सहा-सात महिन्यांनंतर कुत्रे बरेच मार्गी लागते, हे खरे. परंतु कुत्र्याचे आयुष्य बारा-पंधरा वर्षांचे आणि तुमची एम.एस्सी. दोन वर्षांची. पुढे नोकरी हैदराबादला लागली किंवा पीएच.डी.साठी परदेशी जावे लागले, तर याला कोण सांभाळणार, हे आई-वडिलांशी आताच बोलून घ्या. त्यांचे उत्तर 'बघू' असेल, तर ते नाही असेच समजावे. तोवर, ज्या आजींना त्याचे विव्हळणे ऐकू येते, त्यांनाच दुपारसाठी विचारून पाहायला काय हरकत आहे?

रसायनी_पुणे
आजींना विचारले. दुपारी एक वाजता जेवू घालायला त्या आनंदाने तयार आहेत, परंतु गुडघ्यांमुळे जिना उतरून त्याला खाली नेणे त्यांना जमणार नाही. आई-वडिलांचे उत्तर 'बघू' असेच आले. त्यामुळे घर शोधावे, या निर्णयाकडे माझा कल झाला आहे. देताना कोणती काळजी घ्यावी?

पशुवैद्य_सातारा
तिसरा महिना पूर्ण झाला की रेबीजची लस टोचून घ्या आणि लसीकरणाचे कार्ड सोबत द्या. डीएचपीपीआयचे (डिस्टेंपर, पार्व्हो अशा विषाणूजन्य रोगांवरच्या एकत्रित लसीचे) डोस सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण व्हायला हवेत. पार्व्होने दगावणारी पिल्ले बहुधा अर्धवट लसीकरण झालेलीच असतात. घेणाऱ्याच्या घरी स्वतः जाऊन या, पूर्वी कुत्रे होते का आणि त्याचे पुढे काय झाले ते विचारा, कारण या एका प्रश्नाच्या उत्तरातून माणूस बराच कळतो. नसबंदी करण्याचे आणि न जमल्यास पिल्लू तुमच्याकडेच परत आणून देण्याचे लेखी कबूल करून घ्या. कोणी 'सध्या जिथे सापडले तिथेच सोडा' असे सुचवले तर ऐकू नका. पाळलेल्या प्राण्याला उपासमारीच्या स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

तोवर आजींच्या मदतीने दिवस काढा आणि गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरून शी-शूची जागा ठरवून टाका. देताना त्याचे अंथरूण आणि आठवडाभर पुरेल इतके सध्याचेच खाणे सोबत द्या; अन्न एकदम बदलले की पिल्लाला जुलाब होतात आणि नवे मालक पहिल्याच दिवशी घाबरून फोन करतात.