पाइप, गच्ची आणि संध्याकाळ: सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

सोलापुरात बिडी घराघरात माहीत आहे. तंबाखू-चुन्याची डबी तर निम्म्या खिशांत सापडेल. पण पाइप ओढणारा माणूस दिसला की लोक अजून वळून बघतात. मागच्या महिन्यात पार्क चौकात एका ओळखीच्यांनी विचारलं, "तुमच्यासारखे अजून कोण हायेत का ओ गावात?" आहेत. आठ-दहा जण तर मलाच माहीत आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

कुठला पाइप महाग, कुठला डबा कुठं मिळतो, हे इथं नको. पाइपच्या नादातला जो क्षण तुम्हाला सगळ्यात जवळचा, तेवढाच लिहा. ज्यांनी सोडलाय त्यांनी तर नक्की लिहा. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी ठरत नाही. निकोटीन तोंडातूनच अंगात भिनतं आणि तोंडाचा, घशाचा कॅन्सर पाइपनंही होतो. नवीन कुणी सुरू करावं म्हणून मी हे लिहीत नाही.

माझ्यापासून सुरुवात. मला आवडतं ते भरणं. जुळे सोलापूरला आमची गच्ची पश्चिमेकडं उघडी आहे. ऊन उतरलं की मी खुर्ची टाकतो, मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरतो आणि तंबाखू बोटांनी मोकळा करतो. मामांनी शिकवलं होतं तसं तीन चिमटींत भरायचं. पहिली चिमूट लेकराच्या हातानं, म्हणजे नुसती सोडायची. दुसरी बाईच्या हातानं, जरा दाबून. तिसरी गड्याच्या हातानं. मग न पेटवताच एक ओढ घेऊन बघायची. स्ट्रॉनं उसाचा रस पिताना जेवढा अडसर लागतो तेवढा लागला की झालं. जास्त लागला तर सगळं उपसून पुन्हा भरायचं. मी अजून आठवड्यातून एकदा तरी पुन्हा भरतो आणि त्याचा मला कधी कंटाळा आलेला नाही.

पहिल्या काडीनं वरचा थर फुगून वर येतो. तो हलकेच दाबायचा आणि दुसरी काडी लावायची. खरा पाइप तिथनं सुरू होतो. काडी ओढल्या ओढल्या लावू नका, टोकावरचं रसायन जळून जाऊ द्या, नाहीतर पहिल्या झुरक्यालाच त्याची चव येते.

अशोक चौकातून

आमचं घर मागवाल्यांचं. वडिलांचे चार पॉवरलूम होते, टॉवेलचे. आता ते गेले आणि मागही गेले. भंगारवाला न्यायला आला तेव्हा मी एक धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारी लाकडी होडी, आणि मूठभर कांड्या, म्हणजे त्यात बसणाऱ्या सुताच्या लाकडी नळ्या, बाजूला काढून ठेवल्या. पाइपमधला तंबाखू दाबायला लोक स्टीलचं अवजार घेतात. मी कांडीचं निमुळतं टोक कापून, घासून सपाट केलंय. दहा-बारा वर्षं सूत गुंडाळून-सुटून त्या लाकडाला जी गुळगुळी आलीय ती कुठल्या पॉलिशनं येत नाही. धोट्याच्या पोकळीत पाइप साफ करायच्या तारा ठेवतो, बरोबर मावतात.

दाबताना जोर लावायचा नसतो, कांडीचं वजनच पुरतं. राख निखाऱ्यावर नीट बसली पाहिजे, निखारा गुदमरता कामा नये. वडील ताणा तुटला की गाठ मारायचे ते नुसत्या दोन बोटांनी, मागाकडं न बघता. मी पाइप दाबतो तेव्हा माझी बोटं तशी चालतात असं आमची आई म्हणते. ती एकदाच म्हणाली होती, पण मी ते विसरलेलो नाही.

होटगी रोडवरून

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेच्या 43-44 डिग्रीत, उघडलेला डबा चार दिवसांत कुरकुरीत होतो. असा तंबाखू भराभर जळतो आणि जीभ भाजतो. बटाट्याची साल, सफरचंदाची फोड वगैरे ठेवू नका, बुरशी येते. फुटक्या माठाच्या खापराचा रुपयाएवढा तुकडा घासून स्वच्छ करायचा, अर्धा तास पाण्यात ठेवायचा, वरनं कोरडा पुसायचा आणि डब्यात टाकायचा. दुसऱ्या दिवशी तंबाखू मऊ. माठ पाणी जसं गार ठेवतो त्याच गुणानं हे चालतं, खापर ओल धरून हळूहळू सोडतं. कुंभाराकडनं मुद्दाम काही आणावं लागत नाही. आमच्याकडं दर उन्हाळ्यात एक माठ फुटतोच.

कुंभारीच्या वाटेवरून

मी लिहू का नको, असं दोन दिवस चाललं होतं. आमची अम्मा बिडी वळायची. चाळीस वर्षं. कुंभारीला बिडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 साली झाली, तिथं तिला घर मिळालं. त्याआधी आम्ही सहा जण एका खोलीत होतो आणि त्याच खोलीत तेंदूपत्त्याची पोती.

रात्री पानं भिजत घालायची. पहाटे पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि दिवसभर हात चालू. हजार बिड्या झाल्या की दिवसाचं काम झालं. पान जरा फाटलेलं, बिडी जरा सैल दिसली की कारखान्यात ती बाजूला काढायचे, तिचे पैसे नाहीत. पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधताना आम्ही पोरं मोजायचो, मी पाढे तिथंच शिकलो.

मला पाइप पुण्यात नोकरीत असताना लागला. अम्मापासून वर्षभर लपवला. एकदा सुट्टीला आलो, डबा बॅगेतनं बाहेर पडला. ती रागावली नाही. झाकण उघडलं, चिमूट घेतली, अंगठा आणि तर्जनी यांच्यात एकदाच फिरवली आणि तेलुगूत म्हणाली, "ओला आहे. थोडा हवेला ठेव." नाकाला न लावता. मी तो डबा परवा घेतला होता आणि माझे दोन पाइप नीट पेटले नव्हते, ते का, हे मला तेव्हा कळलं.

तिच्यासमोर मी आजवर ओढलेला नाही. तिचा खोकला त्या धुळीचा आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. मला पाइप आवडतो हे खरं आहे, आणि तिच्या छातीत तंबाखूची धूळ बसलीय हेही खरं आहे. यातलं एक लपवून दुसरं सांगणं मला जमत नाही. डबा नवा आणला की पहिली चिमूट मात्र तिला दाखवतो. ती सांगते, मी तसं करतो.

मोहोळकडचा, आता सोलापुरात

पाइप म्हटलं की मला आज्ज्याची चिलीम आठवते. मातीची, आत एक खडा, आणि खाली तोंडाशी ओलं फडकं. त्याला आज्जा छापी म्हणायचा. ज्वारीची राखण असली की बांधावर बसून दोघं-तिघं फिरवायचे. साधा तंबाखूच, दुसरं काही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण चिलीम म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच येतं.

त्या खड्याचं काम मला पाइप हातात आल्यावर समजलं: जळता तंबाखू खाली उतरू नये, वाट मोकळी राहावी. ओल्या छापीनं धूर गार होतो. पाइपची दांडी लांब असते तीही त्याचसाठी. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटर. अकबराचा वकील असद बेग 1604 च्या सुमारास तिथं आदिलशाहीत गेला होता, तंबाखू त्यानं तिथं पहिल्यांदा पाहिला आणि तंबाखू व एक सुंदर नळी घेऊन तो बादशहाकडं परतला. हकिमांनी विरोध केला तरी अकबरानं थोडे झुरके घेतलेच, असं त्यानं लिहून ठेवलंय. पोर्तुगीजांनी आणलेलं पान आपल्या दख्खनमधनं वर गेलं. विजापूर वेशीवरनं जाताना मला दर वेळी हे आठवतं.

साखर पेठेतून

मक्याच्या बुरकुंडाचा, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचा, पाइप अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात 1869 पासून बनतोय. म्हटलं, मका आपल्याकडंही आहेच. चार जाड बुरकुंडं गच्चीवर महिनाभर वाळवली, गिरमिटानं भोक पाडलं, बांबूची नळी बसवली. तिसऱ्या दिवशी वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, आरपार जळाली. नंतर वाचलं की ते लोक मुद्दाम जाड, कठीण बुरकुंडाचा मका पिकवतात, दोन-दोन वर्षं वाळवतात आणि वरनं प्लास्टर ऑफ पॅरिस भरतात. पुढच्या हंगामासाठी सहा बुरकुंडं माळ्यावर ठेवलीत. दोन वर्षं पुरी होऊ देत.

सात रस्त्याजवळून, एका मुलीकडून

बाबांकडं पाच पाइप. चार ब्रायर नावाच्या लाकडाचे, एक पांढऱ्या मीरशॉमचा. मीरशॉम म्हणजे जर्मनमध्ये समुद्रफेस, पण तो खरं तर तुर्कस्तानात खणून काढतात तो मऊ दगड. वापरता वापरता तो पांढऱ्याचा पिवळा, मग मधासारखा होत जातो. बाबांचा बुडाशी मध झालाय, वरती अजून दुधासारखा आहे. तिथंच थांबलाय, कारण सात वर्षांपूर्वी त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, आता बंद. त्या दिवसापासून बंद.

पण रविवार बंद झाला नाही. रविवारी दहा वाजता ते पाचही पाइप टेबलावर मांडतात. दांडी वाटीपासून वेगळी करतात, तीही सावकाश फिरवून, कधीच ओढून नाही. तार एका टोकानं घालून दुसऱ्या टोकानं काढतात. पूर्वी ती काळी निघायची, आता पांढरीच निघते, तरी घालतात. ब्रायरच्या वाटीत काजळीचा थर आहे, नाण्याच्या जाडीचा. तो खरवडत नाहीत. "तो थर बसायला दोन वर्षं लागली. लाकडाला आगीपासून तोच राखतो," असं मला दहावीत असताना सांगितलं होतं.

आई आधी चिडायची, आता चहा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. एका पाइपला लताकिया तंबाखूचा वास धरलाय. ही पानं सायप्रसमध्ये लाकडाच्या धुरावर धरतात, त्यामुळं तो वास अगदी आज्जीच्या चुलीचा येतो, ओल्या बाभळीच्या धुरासारखा. एकदा त्या तंबाखूचा वास धरला की दुसरा काही भरला तरी तोच येतो. बाबा तो पाइप सगळ्यात शेवटी पुसतात. पुसून झाला की एकदा नाकाशी नेतात आणि माझ्याकडं देतात. मीही वास घेते आणि खोक्यात ठेवते.

पुन्हा जुळे सोलापूर

सात रस्त्याच्या ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. एकच सुचवतो: मीरशॉम पुसताना हातात मऊ सुती कापड असू द्या. तो ब्रायरपेक्षा फार नाजूक असतो, पडला तर तुकडेच होतात.

कुंभारीच्या मित्राला: अम्मांनी सांगितलं तसं मी काल केलं. नवा डबा तासभर उघडा ठेवला, बोटांत चिमूट फिरवून बघितली, पुन्हा अर्धा तास ठेवला. पहिल्या दोन काड्यांत पेटला आणि तळापर्यंत गेला. त्यांना सांगा.